‘रिकामं’ नावाचा ट्रॅक

बहीण: परत वाजव.

दादा: चार वेळा वाजवलं.

बहीण: मग पाचव्यांदा वाजव. नुसता डावा हात. उजवा मांडीवर ठेव.

दादा: मने, तू इथे गायला आलीयेस की माझी परीक्षा घ्यायला?

बहीण: परीक्षा लॅपटॉपची चाललीये, तुझी नाही. वाजव तू... हं, बघ! दुसरा सूर मागे पडला. चौथा तर आलाच नाही. आणि मधेच ते शेजारची पट्टी लागल्यासारखं काय वाजलं?

दादा: नवा लॅपटॉप आहे. रुळायला वेळ लागणारच.

बहीण: लॅपटॉप आहे तो, नवी सून नाही. रुळायचंय कसलं त्याला?

दादा: तरी मी सांगत होतो, हात लावू नकोस. जुन्यावर सगळं सुरळीत चाललं होतं.

बहीण: जुना परवा सकाळी बसला तो बसला. काही केल्या उठेना. आणि कार्यक्रम आज पाच वाजता. मग तुझ्या पेन ड्राइव्हवरचं सगळं उचलून नव्यावर टाकायचं, नाहीतर करायचं काय? दोन दिवस मान मोडून बसले मी. शाबासकी राहिली बाजूला, वर हे ऐकून घ्यायचं.

दादा: मी बसलो असतो ना.

बहीण: तू ‘बसतो, बसतो’ म्हणत होतास नुसता. नेहमीसारखा.

दादा: बरं. तू असं कर, खाली जाऊन चहा घेऊन ये. दहा मिनिटं. तेवढ्यात मी बघतो काय झालंय ते.

बहीण: चहा झाला माझा.

दादा: मग जरा पाय मोकळे कर. तोंड बघ केवढं उतरलंय.

बहीण: तोंड गेलं वर्षभर उतरलेलंच आहे. आजच बरं दिसलं तुला. वाजव.

साउंडवाला: ताई, माझं ऐका जरा. तुमचा माइक झाला, साहेबांचा उजवीकडचा स्पीकर झाला. साडेचारला दरवाजे उघडणार. मी सकाळी सातपासून उभाय. मला नुसतं एवढं सांगा, खराबी माझ्याकडे आहे का तुमच्याकडे?

बहीण: आमच्याकडे. तुमच्याकडे जे येतंय तेच बिघडलेलं येतंय.

साउंडवाला: मग सुटलो बाबा. पण कीबोर्डातनं लॅपटॉपात एकच वायर गेलीये. एका वायरीत एवढी भानगड होते कशी?

बहीण: बाहेर एकच दिसते. आत दोन प्रोग्रॅम आहेत. एक वाजवणारा आणि एक आवाज देणारा. वाजवणाऱ्यात ठेका, व्हायोलिनं, बासरी, सगळं आधीच भरून ठेवलंय. पण त्याला स्वतःचा आवाज नाही. तो नुसते निरोप धाडतो. आता ही पट्टी दाब, एवढ्या जोरात दाब, आता सोड. त्या निरोपांनाच मिडी म्हणतात. दुसरा प्रोग्रॅम निरोप ऐकतो आणि त्याप्रमाणे कधी व्हायोलिन होतो, कधी बासरी.

साउंडवाला: आणि निरोप जातो कुठनं?

बहीण: दोघांच्या मधे एक खोटी वायर आहे, लॅपटॉपच्या आतच. दादा तिला बोगदा म्हणतो. सोळा वाटा आहेत त्या बोगद्यात, एकेका वाद्याची एकेक.

साउंडवाला: मग साहेब काय करतात?

दादा: साहेब नुसते बसलेले असतात खुर्चीवर.

बहीण: गप रे. तो पियानो वाजवतो. त्याचा कीबोर्डही निरोपच धाडतो, पण बोगद्यातनं नाही, थेट आवाज देणाऱ्या प्रोग्रॅमकडे.

साउंडवाला: असं होय. म्हणजे आमच्या घरासारखंच झालं. निरोप माझा, आवाज बायकोचा.

दादा: मी गाडीतनं दुसरी वायर घेऊन येतो. हीच गेली असेल.

बहीण: मी आणते. तू बस.

दादा: तुला सापडायची नाही. जुन्या पिशवीत तळाला आहे. आलोच.

साउंडवाला: साहेब दमलेले दिसतात.

बहीण: आम्ही दोघंही दमलोय. एकोणीस वर्षं झाली हेच करतोय. हॉल बदलतात, खुर्च्या मात्र सगळीकडे ह्याच, निळ्या प्लॅस्टिकच्या. तुम्हाला सांगते, कोणाला बोलू नका. आजचा आमचा शेवटचा.

साउंडवाला: काय सांगता! साहेब बोलले नाहीत.

बहीण: साहेबांना माहीत नाही. कार्यक्रम झाला की गाडीत सांगणार आहे. दोन महिने झाले, ओठांवर येतं आणि गिळते.

साउंडवाला: भांडण झालं का?

बहीण: भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. भांडण मिटतं तरी. तुम्ही नेहमी ऐकता ना गाणी? मग तुम्हाला कळेल. साथीला बसलेला माणूस गाणाऱ्याकडे कान लावून असतो. मी ओळ संपवून श्वास घेतला की दादा थांबायचा. किती थांबायचं हे मी कधी सांगितलं नाही, त्याने कधी विचारलं नाही. आईने झोपाळ्यावर बसवून दोघांना शिकवलं तेव्हापासनं ते तसंच. आणि गेलं वर्षभर तो थांबत नाही. मी तोंड उघडायच्या आत पुढे गेलेला असतो. मागनं फरफटत जाते मी.

साउंडवाला: विचारायचं की सरळ.

बहीण: विचारून काय होणार? वैतागलाय तो माझ्या गाण्याला. तोंडाने बोलायचा स्वभाव नाही, म्हणून हाताने सांगतोय. बाई, झालं तुझं, आवर आता. मग आवरते मी. त्याच्याकडनं ते शब्दांत ऐकायची माझी तयारी नाही.

साउंडवाला: अवघड आहे. बरं, ते राहू द्या. त्या वायरीचं एक सांगू का? लहान तोंडी मोठा घास होईल.

बहीण: घ्या की.

साउंडवाला: दुसरी वायर लावून काही व्हायचं नाही. मघापासून ऐकतोय मी. उजव्या हाताचे सूर एकदम टकाटक येतात. उशीर होतो तो डाव्यालाच. वायर गेली असती तर सगळ्यांनाच उशीर झाला असता. वायरीला काय कळतंय डावं कोणतं नि उजवं कोणतं?

बहीण: फक्त डाव्यालाच.

साउंडवाला: काय झालं ताई? चुकलं का माझं?

बहीण: नाही. तुमचं नाही चुकलं.

दादा: मिळाली! तळालाच होती. चल, लावून बघू.

बहीण: लावू नकोस.

दादा: का?

बहीण: पिशवी नेहमी उजव्याच खांद्यावर का असते रे तुझी?

दादा: आता हे काय मधेच?

बहीण: भाऊ, तुम्ही जरा चहा पिऊन या.

साउंडवाला: मी? हो, हो. येतो ना. निवांत येतो.

दादा: त्याला कशाला घालवलंस? वेळ कमी आहे, मने.

बहीण: पेन ड्राइव्ह दे.

दादा: कशाला?

बहीण: दे म्हणते ना. तुझ्या खिशात आहे, मघाशी चाचपत होतास. दे... दोन दिवसांपूर्वी मी हे उघडलं तेव्हा दोन गोष्टी मला चुकलेल्या वाटल्या. एक तो फिल्टर. कीबोर्डवरनं येणारे मधल्या ‘सा’च्या खालचे, म्हणजे डाव्या हाताचे, सगळे निरोप तू अडवून ठेवले होतेस. मी म्हटलं, हा वेडा, चुकून कधीतरी लावला असेल आणि विसरला असेल. काढून टाकला.

दादा: हं.

बहीण: दुसरी गोष्ट, बोगद्यातली तिसरी वाट. ट्रॅकचं नाव ‘रिकामं’. रिकामंच आहे तर कशाला न्यायचं, म्हणून नव्यावर घेतलंच नाही. उघडूनही बघितलं नाही. तुझ्या अक्षरावर एवढा विश्वास माझा.

दादा: मने, ते बंद कर.

बहीण: हे रिकामं? खचाखच भरलंय हे! एकवीसच्या एकवीस गाण्यांत भरलंय. थांब, लावतेच.

दादा: नको लावूस.

बहीण: ऐक. ऐक की! हा तुझा हात आहे. दुसऱ्या ओळीला केसभर लवकर येतोस, आई ओरडायची त्यावरनं. हा हात मी झोपेत ओळखेन. कीबोर्डला कोणी शिवलेलं नाही आणि तुझा डावा हात वाजतोय. दादा, काय आहे हे?

दादा: काय आहे ते दिसतंयच की तुला.

बहीण: मला तुझ्या तोंडून ऐकायचंय.

दादा: करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट. पावणेदोन वर्षं झाली. आधी मुंग्या यायच्या, मग बधिर झाली. नस दबलीये. पट्टी दाबली की नाही हे आवाज आला तरच कळतं मला. आता अंगठाही साथ सोडायला लागलाय.

बहीण: डॉक्टर?

दादा: दोघांना दाखवलं. ऑपरेशन केलं तरी खात्री नाही म्हणाले. बोटं जायला लागलीत हे कळलं ना, तेव्हा तीन दिवस दार लावून बसलो आणि एकवीस गाण्यांचा डावा हात वाजवून भरून ठेवला. सापडतील ती बोटं घेऊन, ओळीओळीने. तुला सांगितलं होतं, सर्दी झालीये, येऊ नकोस.

बहीण: मी काढा आणून दिला होता तुला.

दादा: प्यायलो तो. सर्दी नसताना.

बहीण: आणि नाव ‘रिकामं’.

दादा: तू उघडशील अशी भीती होती. रिकाम्या डब्यात कोण बघतं? हात अगदीच ऐकेना झाल्यावर स्टेजवर तो नुसता पट्ट्यांवरनं फिरवायचा. खरे निरोप फिल्टरमध्ये अडकायचे आणि बोगद्यातनं जुना हात वाजायचा. वर्षभर निभावलं. तू दोन दिवसांत दोन्ही टोकं उलटी करून ठेवलीस. जे झाकलं होतं ते उघडं आणि जे वाजत होतं ते गायब. मघाशी पहिला सूर वाजवला आणि कळलं, म्हणून तर तुला चहाला घालवत होतो.

बहीण: आणि मी खुळ्यासारखी पाच वेळा वाजवायला लावलं तुला. वहिनीला माहितीये?

दादा: शर्टाची बटणं तीच लावते. तिला कसं नाही कळणार?

बहीण: म्हणजे फक्त मला नाही.

दादा: तुला कसं सांगू? तू दुसरा वाजवणारा बघितला असतास. बघायलाच हवा होतास, तुझं काही चुकलं नसतं. मग मी काय करणार होतो? घरी बसून खिडकीतनं गाड्या मोजणार? मला दुसरं येतं काय?

बहीण: आणि मला वाटत होतं, तू दुसरी गाणारी बघतोयस.

दादा: मी?

बहीण: थांबत नाहीस तू माझ्यासाठी! वर्ष झालं. मी श्वास घेतेय आणि तू आपला पुढे. शेवटच्या गाण्यात तर दरवेळी मला मागे टाकून जातोस. घरी जाऊन रडले आहे मी त्यावरनं. एकदा नाही.

दादा: असं कसं होईल? थांबे भरलेत मी त्यात. तुझी प्रत्येक जागा मोजून, डोळे मिटून, तू समोर गातेयस असं धरून वाजवलंय. तू जितकी थांबतेस तितकाच थांबलोय.

बहीण: तेव्हा थांबायचे तितका.

दादा: म्हणजे?

बहीण: पावणेदोन वर्षांपूर्वीचा श्वास आहे तो, दादा. तो आता राहिला नाही माझ्याकडे. गेल्या वर्षीच्या त्या खोकल्याने दोन महिने अंथरुणाला खिळले होते ना, त्यानंतर छाती पूर्वीची राहिलीच नाही. तिसऱ्या ओळीनंतर मला दुप्पट वेळ लागतो आता. जिना चढले की भिंत धरते. गोळ्या चालू आहेत.

दादा: हे मला का नाही सांगितलंस?

बहीण: कोण विचारतंय बघा!

दादा: ...खरंच की.

बहीण: तुझा जुना हात माझ्या जुन्या श्वासाला साथ देत होता. छान जमलं होतं त्या दोघांचं. आपण दोघं नुसते समोर उभे होतो मेकअप करून.

दादा: मला वाटायचं, तुझं लक्ष उडालंय. मागे पडतेस म्हणून. बोललो नाही, म्हटलं दमली असेल.

बहीण: एक सांगायचंय तुला. कार्यक्रमानंतर गाडीत सांगणार होते. आता सांगते. आजच्यानंतर मी थांबणार होते. कायमची.

दादा: माझ्यामुळे?

बहीण: तुझ्यामुळेच. तुला मी नकोशी झालेय असं वाटून. दुसरं काय असणार?

दादा: अगं वेडे. तू नको असतीस तर मेलेल्या हाताने वाजवायचं सोंग घेऊन वर्षभर कशाला बसलो असतो मी इथे? घामाने पाठ भिजायची माझी. फिल्टर उडाला तर, बोगदा अडला तर, कोणी शेजारी येऊन बघितलं तर... एकेक गाणं संपलं की देवाचं नाव घ्यायचो.

बहीण: रडू नकोस. मला गायचंय नंतर. तू रडलास की माझा गळा बसतो.

दादा: नाही रडत. डोळ्यांत गेलं काहीतरी.

बहीण: हो, एवढ्या झाडलेल्या हॉलमध्ये. घे रुमाल.

दादा: आता काय करायचं? तो ट्रॅक परत जोड. फिल्टर लाव. आजचा दिवस निघू दे. मग तू म्हणशील तसं.

बहीण: वीस गाणी निघतील त्यावर. ठेक्याची आहेत, माझा श्वास कसाबसा पुरतो. शेवटच्याचं काय? त्यात नुसता पियानो आहे, ठेका नाही. तिथे तो हात परत मला टाकून जाणार. त्याला मी दिसत नाही, ऐकू येत नाही. त्याचा काय दोष?

दादा: शेवटचं गाणं गाळू.

बहीण: आईचं गाणं आहे ते. गाळायचं नाही. तुझ्या पिशवीत दुसरं पेडल आहे ना? छोटं, काळं?

दादा: आहे. मला ते दाबायला जमायचं नाही गं. उजवा पाय पियानोच्या पेडलवर, आणि डाव्या पायाला तालाची सवय. तो आपोआप आपटत राहील, तुझ्यासाठी थांबायचा नाही.

बहीण: तुला कोण दाबायला सांगतंय? मला दे. कोणती पट्टी कधी, एवढाच तर निरोप. तो पायाने धाडला म्हणून आवाज देणाऱ्या प्रोग्रॅमला काय कळणार आहे? शेवटच्या गाण्यातल्या डाव्या हाताचे सूर सुटे करायचे. मी पेडल दाबलं की बोगद्यातनं पुढचा एक सूर सुटेल. नाही दाबलं तर गप्प. किती सूर आहेत त्यात?

दादा: चौसष्ट. पण सावकाश आहेत.

बहीण: चौसष्ट तुकडे. आत्ता सव्वादोन झालेत. होतंय. तू सांग कुठे कापायचं, मी कापते.

दादा: म्हणजे उजवा हात माझा, आणि डावा...

बहीण: डावा तुझाच. फक्त आता तो माझं ऐकेल. माझा श्वास झाला की मी दाबेन, आणि ते ऐकून तू उजवा उचल. पूर्वीसारखं.

दादा: तू माइकपाशी उभी राहून गाणार आणि पायाने चौसष्ट वेळा दाबणार? या वयात?

बहीण: साडीत पाय कोणाला दिसतोय? आणि चुकलं तर चुकलं. वर्षभर न चुकता वाजवून काय मिळवलं आपण?

दादा: आणि तुझं ते, कायमचं थांबणं?

बहीण: आता कशी थांबू? पाय अडकवून घेतला की मी. पण ऐक. सोमवारी तू माझ्याबरोबर छातीच्या डॉक्टरकडे येणार, आणि मी तुझ्याबरोबर हाताच्या. लपवाछपवी बंद. आणि त्या ट्रॅकचं नाव बदल आधी. ते बघवत नाही मला.

दादा: काय ठेवू?

बहीण: ‘डावा हात’ ठेव. जे आहे ते. कविता करत बसू नकोस.

दादा: ठेवलं.

बहीण: हं. आता पहिला तुकडा. कुठे कापू?

(पावणेचार. पडदा बंद. शेवटचं गाणं चाललंय: उजवा हात त्याचा, पेडल तिच्या पायाखाली. तिसरी ओळ संपते आणि सगळंच थांबतं.)

साउंडवाला: साहेब! साहेब, आवाज गेला! वायर निघाली का?

दादा: नाही हो. ती श्वास घेतेय.